पहिल्या उंटाला खरूज कुणी दिली?

बकरी ईद महिन्यावर आली की आमच्या भागात लोक जनावराचे कान पाहू लागतात. दात पाहतात, पाय पाहतात, पण हात आधी कानाकडे जातो. त्याला कारण आहे. कुर्बानीच्या जनावराचे डोळे आणि कान नीट तपासून घ्यावेत, अशी ताकीद हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. त्यामुळे ज्यांनी वर्षभर घरातल्या कोकराकडे वाकून पाहिलेलं नसतं, तेही या महिन्यात त्याचा कान उलटून पाहतात. आणि मग सवाल सुरू होतात. कानावर खपली आहे, चालेल का? केस गेलेत, काय लावू? कान सुजलाय, कुर्बानी होईल की नाही?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. जनावरांची डॉक्टर नाही. पण रिद्धपूरसारख्या गावात जो औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचू शकतो, त्याच्याकडे बाटल्या येतातच. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या बाटल्यांवरून एक गोष्ट लक्षात आली. लोक औषध आधी आणतात आणि रोग कोणता ते नंतर विचारतात. आजचा लेख त्याबद्दल आहे.

या विषयावर एक हदीस आहे. ती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितली आहे आणि बुखारी, मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका खेडुताने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलं की माझे उंट वाळवंटात हरणांसारखे तुकतुकीत असतात, मग एक खरजेचा उंट येऊन त्यांच्यात मिसळतो आणि सगळ्यांना खरूज होते, ते कसं? त्यावर प्रेषितांनी उलट विचारलं की मग त्या पहिल्याला ती कुणी दिली?

उलेमा याचा अर्थ सांगतात की रोग आपल्या ताकदीवर काही करत नाही, सगळं अल्लाहच्या हुकमात आहे. याचा अर्थ आजारी जनावर कळपात सोडा, असा नाही. आजारी उंटांच्या मालकाने आपली जनावरं निरोगी जनावरांत आणू नयेत, ही ताकीदही त्याच हजरत अबू हुरैरांकडून आलेली आहे. म्हणजे श्रद्धा आपल्या जागी आणि जनावर वेगळं बांधणं आपल्या जागी. शिक्षिका म्हणून मला त्या सवालातून आणखी एक सवय घ्यावीशी वाटते. दहा जनावरं आजारी दिसली की आपण दहांकडे पाहतो. पाहायला हवं पहिल्याकडे. ते कोणतं होतं, कुठून आलं, काय खाल्लं, कधीपासून?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या जेठजींनी चार कोकरं आणली. सात-आठ महिन्यांची असतील. दोन पांढरी, एक काळं, एक ठिपक्यांचं. ईद तेव्हा जूनमध्ये होती. वऱ्हाडातला मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला, धुऱ्यावरचं गवत वाळून काडी झालेलं. आठवड्याभरात पांढऱ्या दोघांचे कान सुजले. कान जड होऊन खाली लोंबले, नाकावरची कातडी लाल झाली, मग कानाच्या कडेला खपली धरली. पिल्लं सारखी डोकं झटकायची आणि भिंतीला कान घासायची.

घरात जितकी माणसं तितकी कारणं निघाली. अम्मी म्हणाल्या, "नजर लगी है बच्चों को." शेजारच्यांनी लम्पी सांगितली. २०२२ साली आमच्याकडच्या गुराढोरांत लम्पीने जो हाहाकार केला, तेव्हापासून कुठल्याही जनावराच्या कातडीवर काही उठलं की तोंडात तेच नाव येतं. एकाने देवी सांगितली. जेठजींना वाटलं खरूज असणार, म्हणून ते मेडिकलमधून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घेऊन माझ्याकडे आले. लेबल वाचून दाखव म्हणाले.

योगायोगाने त्याच दिवशी ज्यांच्याकडून कोकरं घेतली होती ते मेंढपाळ काका राहिलेले पैसे न्यायला आले. त्यांनी कुठल्याही रोगाचं नाव घेतलं नाही. खाली बसले, चारही पिल्लं एकामागून एक गुडघ्यात धरून पाहिली आणि मला म्हणाले, "मॅडम, काया पिलाले काहीच नाही झालं. पांढऱ्याचेच कान काऊन सुजले, हे पाहा ना." मग ठिपक्यांच्या कोकराचं डोकं माझ्याकडे वळवलं. त्याच्या नाकाचा पांढरा भाग सोललेला होता. काळा ठिपका जिथे सुरू होत होता, तिथे रेघ मारल्यासारखी जखम थांबली होती.

खरजेचा किडा रंग पाहून चावत नाही. देवीही पाहत नाही. रंग पाहतं ते ऊन.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुढचा उलगडा केला. त्यांनी आधी विचारलं, खायला काय घालता? पोरं नाल्याकाठून हिरवा पाला कापून आणत होती. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं, पण नाल्याकाठचा रायमुनिया हिरवा राहतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. लाल-पिवळ्या फुलांची ही झुडपं मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आली आणि रानभर पसरली. इथली मुरलेली जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पण भुकेलं आणि नव्या जागी आणलेलं पिल्लू खातं.

रायमुनियाच्या पानातलं विष यकृतावर, म्हणजे कलेजीवर घाव घालतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून जनावराच्या पोटात एक पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की तो रक्तात राहतो आणि रक्ताबरोबर कातडीत पोचतो. त्याच्यावर ऊन पडलं की कातडी आतून भाजते. कान, नाक, पापण्या, जिथे लोकर नाही आणि रंग पांढरा आहे, तिथे आधी. सराट्यामुळेही मेंढ्यांना असं होतं. आपल्या शेतात पायाला बोचणारा हाच काटेरी सराटा दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या कारू प्रदेशात मेंढ्यांचा मोठा शत्रू मानला जातो. तिथे या आजाराला 'पिवळं जाड डोकं' अशा अर्थाचं नाव आहे. पिवळं काविळीने आणि जाड सुजेने.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते मी विसरले नाही. त्यांनी काळ्या कोकराला जवळ ओढलं. त्याला काहीच झालेलं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी त्याची खालची पापणी अंगठ्याने उलटली. आतला भाग गुलाबी नव्हता, पिवळसर होता. त्यानेही तोच पाला खाल्ला होता. कातडीच्या काळ्या रंगाने त्याला उन्हापासून वाचवलं, यकृताला वाचवलं नव्हतं. वरून चांगलं दिसणारं पिल्लू आतून तितकंच आजारी होतं. त्या दिवशी खरजेचं इंजेक्शन टोचून आम्ही पांढऱ्यांच्या कानाकडेच पाहत राहिलो असतो, तर काळ्याकडे पाहायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

इलाज साधा होता. पाला बंद, दिवसभर गडद सावली, भरपूर पाणी, सुजेवर आणि यकृतासाठी डॉक्टरांची औषधं, जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून मलम. काळं आणि ठिपक्यांचं कोकरू सावरलं. पांढऱ्यांपैकी एक सावरलं, त्याच्या एका कानाचं टोक वाळून गळून पडलं. दुसरं चौथ्या दिवशी गेलं.

प्रत्येक सुजलेला कान रायमुनियाचाच असतो, असं मात्र कुणी समजू नये. एका रोगाचं नाव कळलं की सगळीकडे तोच दिसायला लागतो, लम्पीचं तसंच झालं. म्हणून डॉक्टरांकडून, मेंढपाळांकडून आणि वाचनातून जे समजलं, ते इथे थोडक्यात मांडते.

खरूज आधी ओळखा. ती डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. नाक, डोळ्याभोवतीची जागा, कान अशा कमी लोकरीच्या ठिकाणी सुरू होते. खाज इतकी की जनावर चरणं सोडून अंग घासत राहतं. कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात आणि काही आठवड्यांत शेजारच्या जनावराला लागते. काळं-पांढरं असा फरक ती करत नाही. किड्यांची एक जात कानाच्या आतच राहते. तेव्हा बाहेरून कान ठीक दिसतो, पण जनावर डोकं झटकतं, एका बाजूला कलतं आणि कानाच्या भोकात थरावर थर खपली साठते. तिथेच गोचीडही लपतो, म्हणून बॅटरीच्या उजेडात आत पाहावं. खरजेवर आयव्हरमेक्टिन चालतं. पण ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून डॉक्टर काही दिवसांनी दुसरा डोस देतात. लोक पहिल्याने बरं वाटलं की थांबतात आणि महिन्याने खरूज परत येते.

मावा हा विषाणूचा रोग. कोकरांच्या ओठांच्या कोपऱ्यात फोडासारखी खपली येते, कधी कानावर आणि दूध पाजणाऱ्या मेंढीच्या सडांवरही. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि माणसाच्या हातालाही लागतो. तोंडाला औषध लावताना हातमोजे घालावेत. घरात लहान मूल असेल तर त्याला त्या पिल्लाचे मुके घेऊ देऊ नयेत. इथे खरजेच्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही.

देवीमध्ये आधी ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, मग शेपटीखाली, मांडीत, ओठांवर, कानांवर गाठी उठतात. कोवळी पिल्लं दगावतात. ही शंका आली तर दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. देवीवर लस आहे. ज्या लम्पीला लोक घाबरतात तिचा विषाणू याच कुळातला आहे, आणि २०२२ मध्ये गुरांना लम्पीसाठी टोचली गेली ती लस मूळची शेळ्यांच्या देवीची. पण लम्पी हा गुरांचा आणि म्हशींचा रोग आहे. कोकराच्या अंगावरच्या गाठीला लम्पी म्हणून गप्प बसलं, तर देवी हातातून निसटते.

गजकर्णाचे गोल, राखाडी खपलीचे डाग चेहऱ्यावर आणि कानांवर येतात. त्याला खाज फारशी नसते. ते बुरशीमुळे होतं आणि पोरांच्या हातावर, मानेवर उतरतं. अनेकदा पोराच्या मानेवरचा डाग आधी दिसतो आणि त्यावरून कोकराचा कळतो.

पावसाळ्यात सतत भिजलेल्या मेंढ्यांच्या लोकरीला गाठी पडतात. खपली उचलली की केसांचा झुबका मुळासकट ब्रशसारखा निघतो. तो जिवाणूचा आजार आहे आणि त्याची अर्धी दवा कोरडा गोठा आहे. पावसाळ्याच्या शेवटी चिलटं वाढली आणि मेंढीचे ओठ, कान, तोंड सुजलं, लाळ गळू लागली, पाय दुखू लागले, तर डॉक्टर नीलजिव्हेची शंका घेतात.

एक कारण आपल्या मातीतलं आहे. कानामागे, डोळ्याभोवती, गुडघ्यांवर दोन्ही बाजूंना सारखेच केस गेले, कातडी जाड आणि कोरडी झाली, किडा कुठेच सापडला नाही, तर जस्ताची कमतरता असू शकते. मोर्शी-वरूडकडच्या संत्रावाल्यांना हे सांगायला नको. चुनखडीच्या काळ्या जमिनीत झाडाला जस्त मिळत नाही, पानं पिवळी पडतात, म्हणून ते झिंक सल्फेट फवारतात. त्याच जमिनीतला चारा खाणाऱ्या जनावराचं वेगळं काय होणार? मात्र जस्त किती द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं.

शेवटचं कारण माणसाने केलेलं. आता जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारतात. ही नोंद गरजेची आहे, लसीकरणाचा हिशेब त्यावरच चालतो. पण बिल्ला शिरेवर बसला किंवा भोक चिघळलं तर माश्या बसतात आणि जखमेत किडे पडतात. ओळखायला सोपं आहे. दुखणं एकाच कानाला असतं, भोकाभोवतीच असतं, दुसरा कान स्वच्छ असतो.

एवढी कारणं आहेत आणि वरून सगळी 'कानाला काहीतरी झालंय' अशीच दिसतात. म्हणूनच सगळ्यांना एकच दवा लावण्याचा मोह होतो. गाडीचं जळकं ऑइल फासतात, कपाशीवर फवारायचं कीटकनाशक अंगावर ओततात. पिल्लू अंग चाटतं आणि विष पोटात जातं. मोरचूद तर मेंढीला फारच वाईट. तांबं तिच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस काविळीने जनावर पडतं. गाईला चालतं ते मेंढीला चालेलच असं नाही.

रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ. श्रीगोविंदप्रभूंचं गाव. इथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी वाजेश्वरीत बसून लीळाचरित्र लिहिलं आणि आता याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. वर्गात हा पाठ शिकवताना मी मुलांना म्हाइंभटांची पद्धत सांगते. त्यांनी लीळा मनाने रचल्या नाहीत. ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्यापर्यंत ते गेले, एकेकाला विचारलं आणि नागदेवाचार्यांकडून खात्री करून घेतली. हदीस गोळा करणाऱ्या मुहद्दिसांची रीतही अशीच होती. कुणी पाहिलं, कुणाकडून ऐकलं, सांगणारा कसा आहे, हे ते आधी विचारत. दोन्ही परंपरा माझ्या शाळेच्या दोन भाषांत आहेत. आजारी जनावराच्या बाबतीतही ज्याने रोज पाहिलं त्याला विचारावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा मेंढपाळ असतो किंवा घरात चारा टाकणारी बाई.

खरजेचा किडा असतो, हेही कुणीतरी वाकून पाहिलं म्हणूनच कळलं. बाराव्या शतकात अंदलुसमधले हकीम इब्न जुहर यांनी कातडीतल्या अशा बारीक जीवांबद्दल लिहिलं होतं. १६८७ मध्ये इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या खरजेचा किडा पाहून त्याचं चित्र काढलं. त्यानंतरही कितीतरी डॉक्टर खरूज रक्तातल्या बिघाडाने होते असंच म्हणत राहिले.

आता ईदचा सवाल. हनफी फिक्हमध्ये असं सांगितलं आहे की खरजेचं जनावर धष्टपुष्ट असेल तर त्याची कुर्बानी होते, कारण दोष कातडीत आहे, मांसात नाही. खरजेने वाळून हाडं निघाली असतील तर होत नाही. कानाचा एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग गेला असेल तर चालत नाही, असं आमच्याकडचे मौलाना सांगतात. प्रमाणाबद्दल उलेमांत वेगवेगळी मतं आहेत, तेव्हा आपल्या मुफ्तींना विचारावं. बिल्ल्याच्या बारीक भोकाने काही बिघडत नाही. स्पष्ट दिसणारा आजार असलेलं जनावर मात्र चालत नाही, हे हदीसमध्येच आहे.

आमच्या घरी टोक गळालेल्या कोकराबद्दल हाच विचार झाला. कान थोडासाच गेला होता, तेवढ्याने अडलं नसतं. पण त्याचे डोळे अजून पिवळट होते आणि औषधं सुरू होती. औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचं नाही ते लेबलवर लिहिलेलं असतं. मी जेठजींना ते वाचून दाखवलं. दिवस ईदच्या पुढे जात होते. काळ्याचं आणि ठिपक्यांच्याचंही तेच. जेठजी थोडा वेळ गप्प बसले. चार जनावरांचे पैसे गुंतलेले होते. मग म्हणाले, "गरीब के घर में दवा का गोश्त नहीं भेजेंगे." त्या वर्षी त्यांनी मोठ्या जनावरात हिस्से घेतले आणि तिन्ही कोकरं ठेवून घेतली.

आमच्या वर्गातली अर्धी मुलं घरी शेळ्या-मेंढ्या सांभाळतात. आता दरवर्षी ईदच्या आधी मी त्यांना एक काम देते. घरातल्या एका जनावराबद्दल दहा ओळी लिहून आणा, उर्दूत किंवा मराठीत. रंग कोणता, कधी आणलं, काय खातं, उन्हात किती वेळ असतं, दोन्ही कान सारखे आहेत का, पापणीच्या आत रंग कसा आहे, खाजवतं का, सगळ्यांत आधी कुणाला झालं, घरात कुणाच्या अंगावर डाग आहे का. रोगाचं नाव लिहायचं नाही, ही अट. सुरुवातीला मुलं नाव लिहूनच आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहिलेलं लिहू लागतात. ती वही घेऊन बाप दवाखान्यात जातो, तेव्हा डॉक्टरांचे निम्मे सवाल आधीच सुटलेले असतात.